जांबाची फोड

१

दुपारची जेवणं आटोपली की आमच्या घरी बाबांचा चाकू वाजायचा. 'कट' असा एकच आवाज. तो आला की आई ओट्याची आवराआवर अर्धी टाकून यायची, मी पुस्तक टाकून यायचो (ते टाकायला मला निमित्तच हवं असायचं), आणि आम्ही दोघं बाबांच्या पुढ्यात बसायचो. हिवाळ्यात पेरू, म्हणजे आमच्या नागपूरकडचा जांब. उन्हाळ्यात काकडी. काहीच नसलं तर एखादं गाजर. पण काहीतरी कापल्याशिवाय तो चाकू मिटायचा नाही.

बाबा लकडगंजातल्या एका आरागिरणीत माल पारखायचे. लाकडाला त्याच चाकूनं जरा खरवडायचे, नाकाशी न्यायचे आणि साग आहे की सागाच्या नावावर दुसरंच काही, ते सांगायचे. त्यामुळे आमच्या घरच्या जांबाला सागाचा थोडासा वास असायचा. मी कितीतरी वर्षं समजत होतो की जांबाचा वासच तसा असतो.

बाबा डावरे होते. ताटलीत जांब ठेवून डाव्या हातानं कापायचे आणि उजव्या हातानं फोड उचलून द्यायचे. आईचं त्या बाबतीत फार कडक होतं. देणं-घेणं उजव्या हातानं. डाव्या हातानं दिलेलं अंगी लागत नाही, असं ती म्हणायची. मी एकदा शेजारच्या काकूंकडून प्रसाद डाव्या हातात घेतला, तर त्या काकूंसमोरच तिनं माझ्या हातावर चापट मारली होती. बाबांचं मात्र सोयीचं होतं. डावा हात कापायला, उजवा द्यायला. चाकू खाली ठेवायचीही गरज नाही.

आधी पहिली फोड आईला. मग मला. मग स्वतःला, तीही उरली तर.

२

गेल्या पावसाळ्यात बाबा गेले. वय झालं होतं, तक्रार कुणाबद्दलच नाही. पण ते गेले आणि आईनं जेवण सोडलं. मुद्दाम नाही, रुसून नाही. ताट पुढे ठेवलं की दोन घास चिवडायची आणि म्हणायची, "बस झालं गा गिरी. उचल."

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या आणि शेवटी म्हणाले, आजार काही नाही, पोटात काही गेलं नाही तर मात्र थंडी निघणार नाही. हे त्यांनी मला बाहेरच्या खोलीत बोलावून सांगितलं. मी मान हलवली आणि घरी येईपर्यंत स्कूटरवर रडलो. साठी उलटलेल्या माणसानं रडू नये असं कुठे लिहिलेलं नाही.

बायको, चारुशीला, रोज नवा प्रकार करायची. मुगाची खिचडी, ज्वारीची आंबील, दूधभात. आई सगळ्याला छान म्हणायची आणि सगळं परत पाठवायची. तेव्हा मला चाकू आठवला. म्हटलं, जांबाचा मोसम आहे, बाबांच्या चाकूनं जांब कापून दिला तर कदाचित खाईल.

बाबांच्या पलंगाखालच्या पेटीत तो सापडला. शिसवी मूठ, दोन्ही टोकांना पितळ, घडीचा. पण उघडेना. नखाच्या खाचेत अंगठा अडकवून ओढलं तर नखच मोडलं.

मी हिंगण्याच्या एका कारखान्यात जन्मभर स्टोअर सांभाळलं. अडकलेला बोल्ट, गंजलेलं कुलूप, जाम झालेला नळ, असलं काही समोर आलं की मला बरं वाटतं. निवृत्त झाल्यापासून घरात तसं काही अडकतही नव्हतं. मी व्हरांड्यात उन्हाला खुर्ची टाकून कामाला लागलो.

आधी चाकू कोमट पाण्यात ठेवला, पुसला, सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचे थेंब सोडले. मग चिंधीत पातं धरून हळूहळू ओढायचं. केसभर सरकलं की परत मिटायचं. परत ओढायचं. आतून काळं चिकट तेल निघायचं, ते जुन्या टूथब्रशनं साफ करायचं. जोर लावला तर पातं मोडतं. अशा कामात घाई करणाऱ्याचं नुकसान ठरलेलं.

"अहो, तुम्ही सकाळपासून हेच करून राहिले," चारू म्हणाली. "मशीनचं सारं तेल संपवाल तुम्ही."

"नवं आणू."

"आणि रिकामा चाकू असा उघड-मीट करू नये म्हणतात. घरात भांडण होते."

"तेलानं सैल होतोय. भांडण कसलं?"

"आत्ता होऊन राहिलं तेच," ती म्हणाली आणि आत गेली.

संध्याकाळी पातं अर्ध्यावर येऊन अडलं. मी ते तसंच ठेवलं आणि झोपलो. सकाळी पाहिलं तर चाकू पूर्ण मिटलेला होता. उघडून पाहिला तर अर्ध्याच्या पुढे सहज गेला. रात्रभर तेल मुरलं असणार. तेल मुरतं, हे मला कुणी सांगायला नको. मात्र अर्धं उघडलेलं पातं तेलानं आपण होऊन मिटतं का, याचा मी तेव्हा विचार केला नाही.

३

काही दिवसांनी, दुपारी, चाकू माझ्या हातात वाजला. कट.

आई आतल्या खोलीत पडून होती. तिच्या खोलीला दार नाही, पडदा आहे. पडद्यामागून बांगड्यांचा आवाज आला आणि ती आपणहून उठून बसली. मी ताटली, मीठ आणि जांब घेऊन तिच्यासमोर बसलो.

मी उजवा. म्हणजे कापायला उजवा आणि द्यायलाही उजवाच. दर फोडीला चाकू खाली ठेवायचा, फोड उचलायची, द्यायची, परत चाकू घ्यायचा. आई ते पाहून हसली. किती दिवसांनी हसली.

"तुह्या बाबाचं बरं होतं," ती म्हणाली. "त्यायले असा खटाटोप नव्हता."

तिनं एक फोड खाल्ली. मग दुसरी. संध्याकाळी चारूकडे पोळी मागितली. चारूनं स्वयंपाकघरात पदर डोळ्यांना लावला आणि मला म्हणाली, कांदा चिरून राहिले. ओट्यावर कांदा नव्हता.

मग तो रोजचा क्रमच झाला. जेवण, चाकू, जांब. सकाळी मी तेलाचा एखादा थेंब द्यायचो. चाकू रोज आदल्या दिवशीपेक्षा सैल लागायचा. इतक्या वर्षांच्या गंजाला एवढ्यात उतार पडतो याचं मला कौतुक वाटत होतं. त्या पात्यावर खरं तर गंज नव्हता, हेही मला दिसत होतं. माणसाला जे बरं वाटतं त्याच्याबद्दल तो फार चौकशी करत नाही.

४

पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी एक दिवस बँकेत गेलो. तिथे नेहमीप्रमाणे उशीर झाला. घरी पोचलो तेव्हा दुपार कलायला आली होती. आईनं जेवण टाकलं असेल या काळजीनं मी चपलाही न काढता तिच्या खोलीत गेलो.

आई पलंगावर बसली होती. पुढ्यात ताटली, ताटलीत मीठ आणि जांबाचे देठ. ओठाला बी चिकटलेलं.

"चारूनं कापून दिला का?" मी विचारलं.

"चारू कायले? त्यायनं दिला ना."

"कोणी?"

"कोणी म्हणजे? तुह्या बाबानं. तू कुठं गेला होता गा? तुही वाट पाहिली त्यायनं."

चारू घरात नव्हती, दळण आणायला गेली होती. आल्यावर विचारलं, तर तिनं चाकूला हातही लावला नव्हता. चाकू माझ्या टेबलाच्या खणात होता, मिटलेला. उघडून पाहिला. पातं ओलं होतं.

मी खुर्चीवर बसून नीट विचार केला. आईनंच उठून घेतला असेल. चाकू आता सैल झाला आहे. म्हाताऱ्या माणसांना भास होतात, आणि भासातली माणसं काही कापून देत नाहीत, तेव्हा कापला तिनंच. दुसऱ्या दिवशी मी सहज तिच्या हातात चाकू दिला आणि म्हटलं, उघड बरं. तिनं संधिवातानं वाकडी झालेली बोटं माझ्यासमोर धरली.

"मह्यानं ब्लाउजचं बटन लागत नाही गा," ती म्हणाली. "थट्टा करतं का?"

५

यापुढचं सांगताना मला थोडी लाज वाटते, कारण मी घाबरायला हवं होतं आणि मला आनंद झाला.

मी कापणं बंद केलं. जेवण झालं की चाकू आणि जांब तिच्या खिडकीत ठेवायचो आणि पडद्याच्या अलीकडे खुर्ची टाकून बसायचो. चारू पुढच्या खोलीत पडलेली असायची. आमच्या नंदनवन वस्तीत दुपारी तसा आवाज नसतो. एखादा भाजीवाला, लांब कुठेतरी कुकरची शिट्टी. आणि मग आतून, कट. त्यानंतर पात्याचा ताटलीवर टेकण्याचा बारीक आवाज. मग आईचं चघळणं. पडद्यातून सागाचा वास यायचा आणि मी डोळे मिटून बसायचो.

मी परत शाळेत जाणारा झालो होतो. आरागिरणीचा भुसा बाबांच्या सदऱ्यावर असायचा, तो आई अंगणात झटकून घ्यायची, ते आठवायचं. मला पडदा सारून आत जावंसं वाटायचं. पण वाटायचं, गेलो आणि कुणीच नसलं तर? म्हणून मी जात नव्हतो. बाबा आहेत, आईला खाऊ घालताहेत, मी पलीकडे बसलो आहे. आणखी काय हवं माणसाला.

आई सुधारली. गालावर मांस आलं. डॉक्टर म्हणाले, काय जादू केली? मी म्हटलं, जांब.

एका दुपारी मी ताटली उचलायला गेलो, तेव्हा ती आपल्याशीच कुरकुरत होती.

"काय झालं आई?"

"काही नाही. तुह्या बाबाले आता वळण राहिलं नाही म्हटलं. इतकी वर्षं सांगून सांगून लावलं होतं."

"काय केलं बाबांनी?"

"डाव्या हातानं फोड देऊन राहिले. रोजच. मी म्हटलं, अहो, उजव्या हातात काय धरलं एवढं?"

"काय होतं?"

"चाकू. दुसरं काय राहील?"

मी ताटली खाली ठेवली. आईच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. दुपारी खिडकीतून ऊन येतं, ते समोर बसलेल्याच्या पाठीमागून येतं. तिला बसलेलं माणूस दिसत असेल, चेहरा दिसत नसेल. पण हातातली फोड ती घेत होती. कोणत्या हातातून येते ते तिला कळणारच.

बाबांनी आयुष्यात उजव्या हातात चाकू धरला नाही. त्यांना यायचंच नाही ते.

६

मी चाकू व्हरांड्यात उन्हात नेला आणि चष्मा लावून पाहिला. इतक्या दिवसांत मळ गेला होता, पितळ चकाकत होतं. पातं ज्या रिव्हेटवर फिरतं, तिच्या डोक्यावर ठोकल्याच्या खुणा होत्या. जुन्या नाही, अलीकडच्या. चाकू गंजानं घट्ट झाला नव्हता. कुणीतरी रिव्हेट ठोकून तो घट्ट केला होता.

चारूला दाखवलं. तिनं खुणांवरून बोट फिरवलं आणि खाली बसली.

"बाबांनीच केलं हे," ती म्हणाली. "शेवटच्या दुखण्यात. तुम्ही औषधं आणायले गेले होते. त्यायनं मले हातोडी मागितली. पलंगाच्या लोखंडावर ठेवून ठोकून राहिले होते. हातात जोर कुठं होता? मी म्हटलं, द्या बाबा, मी ठोकते. तर म्हणे, तू हात नको लावू याले."

"मला का नाही सांगितलं?"

"ताप होता त्यायले. तापात माणूस काहीही बोलते. मले विचारत होते, सूनबाई, मी झोपतो तेव्हा तुह्या सासूले फोड कोण कापून देते?"

मग मी उठून हातोडी आणली. व्हरांड्याच्या पायरीवर चाकू ठेवला आणि रिव्हेट ठोकली. दुसरी बाजू वर करून परत ठोकली. खाचेत अंगठा घालून पाहिलं. पातं हललं नाही. मी तो पेटीत टाकला, पेटीला कुलूप लावलं आणि स्वयंपाकघरातल्या साध्या सुरीनं आईला जांब कापून दिला.

तिनं तो ताटलीतच राहू दिला.

"ते नाही आले आज?" तिनं विचारलं.

"नाही."

"काहून?"

मी ताटली तिच्याजवळ सरकवली.

दुसऱ्या दिवशीही ती जेवण झाल्यावर उठून बसली. उजवा तळहात मांडीवर उघडा ठेवून खिडकीकडे पाहत राहिली. ऊन भिंतीवर चढेपर्यंत. मग आडवी झाली. तिसऱ्या दिवशी जेवलीच नाही. मग दूध बंद केलं. मी तिला समजावलं, रागावलो, हात जोडले. चारूनं मांडीवर डोकं घेऊन चमच्यानं पेज पाजायचा प्रयत्न केला, ती ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आली. ती हट्ट करत नव्हती. तिचं खाणं कुणाशी तरी बांधलेलं होतं आणि ते माणूस येत नव्हतं, एवढंच.

डॉक्टर आले. दवाखान्यात भरती करा म्हणाले, नळी घालू म्हणाले. जाताना फाटकापाशी थांबून म्हणाले, "मधे इतक्या छान खात होत्या. तेव्हा जे करत होता तेच करा ना."

आईची बांगडी त्या दिवशी हातातून आपोआप गळून पलंगाखाली घरंगळत गेली. ती शोधायला मी खाली वाकलो, तर समोर पेटी.

७

मी व्हरांड्यात खुर्ची टाकली. तेलाची बाटली घेतली. सांध्यात थेंब सोडला आणि चिंधीत पातं धरलं.

मला माहीत होतं. मागच्या खेपेला मला काही माहीत नव्हतं, या खेपेला सगळं माहीत होतं, आणि तरी माझे हात तेच करत होते. केसभर ओढायचं, मिटायचं. परत ओढायचं. बाबांनी शेवटचा जोर लावून जे बंद केलं, ते मी त्यांच्याच व्हरांड्यात बसून उघडत होतो. एकीकडे बाबांचा शब्द, दुसरीकडे आईचा उघडा तळहात. ज्याला यातलं एक सहज निवडता येत असेल त्यानं मला दोष द्यावा.

चारू दारात येऊन उभी राहिली. तेलाची बाटली पाहिली. थोड्या वेळानं ती पिशवी घेऊन बाहेर गेली आणि चांगले पिवळे, टणक जांब घेऊन आली. धुतले, पुसले आणि ताटलीत ठेवले.

चाकू या वेळी लवकर सैल झाला. मी ठोकलेली रिव्हेट दुसऱ्याच सकाळी बोटानं हलत होती.

जेवणाची वेळ टळल्यावर मी चाकू आणि ताटली खिडकीत ठेवली. आईचे डोळे मिटलेले होते. मी बाहेर आलो, पडदा सोडला आणि खुर्चीवर न बसता तिथेच उभा राहिलो. पडदा आणि चौकट यांच्यात बोटभर फट होती.

कट.

आईच्या बांगड्या वाजल्या. ती उठून बसली. इतके दिवस जिला कूस बदलायला चारू लागायची, ती एकटी उठून बसली. सागाचा वास आला.

फटीतून मला आईचा तळहात दिसत होता, आणि त्यावर फोड ठेवणारा हात. डावा हात. बाबांच्या डाव्या अंगठ्यावर सागाचं कुसळ शिरल्याचा पांढरा वण होता. या अंगठ्यावर वण नव्हता. वणच काय, पेरावरच्या वळ्याही नव्हत्या. माणसाचा अंगठा वाकतो तिथे ज्या रेषा असतात, त्या नव्हत्या.

आईनं फोड तोंडात घातली. चावली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लहानपणापासून पाहिलेलं आहे, त्याचं वर्णन मी करणार नाही. ते पाहून माझे डोळे भरून आले आणि त्याच वेळी माझे पाय गार पडले होते. दोन्ही खरं आहे.

पात्याचा ताटलीवर बारीक आवाज झाला. दुसरी फोड.

आधी आईला. मग मला. आमच्या घरी क्रम कधी चुकला नाही.

पडदा हलला. फट थोडी रुंद झाली आणि तो हात माझ्या छातीच्या उंचीला येऊन थांबला. त्यावर फोड होती, वर मीठ होतं, मला लागतं तेवढंच. मागे खिडकीतलं ऊन होतं. मी वर पाहिलं नाही.

"गिरी," आई आतून म्हणाली. तिच्या आवाजात जोर होता, तोंडात घास होता. "घे ना गा. ते थांबून राहिले."

मी हललो नाही. हातही हलला नाही.

"घे म्हटलं. ते गेले तर मी एकटी कशी खाऊ?"

चारू माझ्या मागे कधी येऊन उभी राहिली ते मला कळलं नाही. तिनं माझी बाही घट्ट धरून ठेवली होती.

"आणि उजव्या हातानं घे," आई म्हणाली.

मी उजवा हात पुढे केला.